नाखव्याची कात्री

वरळी कोळीवाड्यात दसरा जवळ आला की आमच्या गल्लीतल्या बायकांना झेंडूआधी कुंड्यांची काळजी लागते. कुणी तुळस घरात घेते, कुणी गुलाबावर जुनं जाळं टाकून ठेवते. नाखवा कात्री घेऊन निघायची वेळ झालेली असते.

नाखवा एके काळी खरोखरचा नाखवा होता. होडी आता मुलाकडे गेली आणि त्याच्या हातांना काम उरलं नाही. त्यात कुणीतरी त्याला राणीच्या बागेतल्या फुलांच्या प्रदर्शनाला नेलं. तिथून तो लाल मुठीचा सिकेटर घेऊन आला. नेणारा मीच होतो, हे गल्लीत अजून कुणाला ठाऊक नाही.

त्याला येत नाही असं मात्र म्हणू नका. पाऊस सरला, निम्मा ऑक्टोबर गेला की गुलाब छाटायचा. त्याआधी चार दिवस पाणी तोडायचं. वाळक्या, रोगट, एकमेकींत घुसलेल्या फांद्या पहिल्या काढायच्या; पेन्सिलीहून बारीक ती ठेवायची नाही. चार-पाच जाड काड्या दीड फुटावर धरायच्या. काप तिरका, डोळ्याच्या पाव इंच वर, आणि डोळा बाहेरच्या अंगाला बघणारा. "आत बघनारा डोला ठेवलास तर झाड आपल्याच पोटात शिरतं, मास्तर. काही मानसां नाय असत तशी?" कलमाच्या जोडाखालून आलेला फुटवा रानाचा, तो मुळापासून ओढून काढायचा. जखमेवर मोरचूद आणि चुन्याचा लेप. यातलं एक अक्षर खोटं नाही.

घोडं पेंड खातं ते पुढे. छाटल्यावर फूल यायला सहा-सात आठवडे लागतात. मावळातले गुलाबवाले १४ फेब्रुवारीवर डोळा ठेवून डिसेंबरातच कात्री लावतात आणि मग झाडाला झाडाचं काम करू देतात. नाखवा आठव्या दिवशी हजर. "ही काडी जरा वाकडी निंगाली." कच्! पंधराव्या दिवशी उंची सारखी करायला. कच्! उभ्या हयातीत दर पावसाळ्यात बंदीचे महिने जाळी शिवत काढलेल्या माणसाला एका कोंबाला ४५ दिवस देववत नाहीत. मी एकदा तसं विचारलंही. म्हणाला, "तवा हातान सुई असायची."

त्याच्या स्वतःच्या दारात रंगाच्या बादलीत एक ग्लॅडिएटर गुलाब आहे. कोळंबीची सालं खाऊन बुंधा मनगटाएवढा झालाय, उंची वीतभर. चार वर्षांत फूल नाही. खारा वारा, हे पहिलं कारण. २००९ साली सी लिंक झाला आणि वारा फिरला, हे दुसरं. आता कोस्टल रोडही यादीत आलाय. नाखवीण सुरमईच्या तुकड्या पाडता पाडता हे ऐकते. "पुलाच्या आधी काय रोज येनी आनत होतास मना?"

गेल्या वर्षी माझी एक कुंडी वाचली. त्यानेच सांगितल्याप्रमाणे एकदा छाटली आणि पत्र्यावर, टाकीमागे नेऊन ठेवली. नाखव्याचे गुडघे शिडी चढू देत नाहीत. डिसेंबरात तिला मुठीएवढं लालभडक फूल आलं. ते मी नाखविणीला दिलं. अंबाड्यात खोवून ती गोल्फादेवीला निघाली.

नाखवा तिच्याभोवती फिरून फुलाकडे बघत राहिला. मला वाटलं, गडी विरघळला.

"देठ कोनी कापला?"

"मी."

"सरल कापलास. तिरका पायजे." आणि खिशातून सिकेटर बाहेर. नाखवीण दोन पावलं मागे सरली.

यंदा माझ्या तिन्ही कुंड्या प्रभादेवीला, बहिणीच्या गॅलरीत आहेत. फुलं येऊन गेली की परत आणीन. तोवर कोळीवाड्यात कुणी विचारलं, तर मेल्या म्हणून सांगा.