स्वातंत्र्यदिनी उपस्थिती सक्तीची

ऑगस्ट उजाडला की अंधेरी पूर्वेतल्या आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. मजकूर दरवर्षी तोच, साल तेवढं पेनाने खोडून बदललेलं. ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, दि. 15 ऑगस्ट रोजी सकाळी ठीक 8 वाजता गच्चीवर ध्वजारोहण होईल. त्यानंतर मा. चेअरमन “खरे स्वातंत्र्य म्हणजे काय?” या विषयावर मार्गदर्शन करतील. उपस्थिती अनिवार्य. गैरहजर सभासदांची नोंद घेतली जाईल.’ खाली सही, सहीवर शिक्का, आणि शिक्क्याखाली बारीक अक्षरांत: ‘कार्यक्रम संपताच गच्चीस कुलूप लावण्यात येईल.’

इंग्रजांनाही जाताना एवढं नेमकं सुचलं नव्हतं.

गच्चीला कुलूप का, हे आता कुणालाच नीट आठवत नाही. कुणी म्हणतं, वर कोणी तरी सिगारेट ओढताना सापडलं होतं. कुणी म्हणतं, सिगारेट नव्हती, प्रेमप्रकरण होतं. कारण विरून गेलं, कुलूप राहिलं. पापड वाळत घालायचे तर सेक्रेटरींना अर्ज करायचा, अर्ज मंजूर होईपर्यंत मृग लागतो. कोजागरीचं दूध आम्ही पार्किंगमध्ये आटवतो. तिथे चंद्र दिसत नाही, पण ट्यूबलाइट चांगली लखलखीत आहे आणि मेंटेनन्समधून आहे. निजामाच्या तावडीतून मराठवाडा सुटला 17 सप्टेंबर 1948 ला, म्हणजे बाकी देशाच्या तेरा महिने मागून. गोव्याला तर 19 डिसेंबर 1961 पर्यंत ताटकळावं लागलं. आमच्या गच्चीचा मुक्तिसंग्राम अजून वाटाघाटींत आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदरात तो निघतो, आणि नेमके तेव्हाच समोसे येतात.

तर, मार्गदर्शन. चेअरमनसाहेब पांढऱ्या कुडत्यात येतात, खिशाला कागदी तिरंगा टाचलेला असतो. ‘आपल्याला 1947 साली स्वातंत्र्य मिळालं,’ असं ते सुरू करतात, आणि तळमजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी घसा खाकरतात. या गृहस्थांना आम्ही सगळे मागे ‘उपविधी’ म्हणतो. घरात गीता नसेल, पण 1960 चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आहे, आणि तो वाचलेला आहे. ते म्हणतात, देशाला 1947 ला मिळालं हो, पण तुम्हाआम्हाला आपल्या घरावर वर्षातल्या कुठल्याही दिवशी झेंडा लावायची मोकळीक मिळाली 26 जानेवारी 2002 ला, नवी ध्वजसंहिता लागू झाली तेव्हा. त्याआधी काही ठरावीक दिवसच. नवीन जिंदल नावाच्या उद्योजकाला आपल्या कारखान्यावर झेंडा लावायचा म्हणून कोर्टाची पायरी चढावी लागली. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सन्मानाने ध्वज फडकवणं हा नागरिकाचा हक्क आहे. आणि सूर्यास्तानंतरही तो घरावर फडकत ठेवायची परवानगी आली 2022 च्या जुलैत.

उपविधींचं हे भाषण मूळ भाषणापेक्षा दरवर्षी चांगलं होतं. मी मनात हिशेब करतो: स्वातंत्र्य मिळाल्यावर पंचावन्न वर्षांनी झेंडा, पंचाहत्तर वर्षांनी रात्रीचा झेंडा. या गतीने रस्त्याकडच्या गॅलरीत टॉवेल वाळत घालायचा अधिकार आमच्या नातवंडांना नक्की मिळेल. सध्या त्याला दंड आहे. ‘इमारतीचा दर्शनी भाग विद्रूप करणे’ असं पावतीवर लिहितात.

मग चेअरमनसाहेब मूळ मुद्द्यावर येतात: ‘पण स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे!’ हे वाक्य आलं की माना डोलतात. महाराष्ट्रात स्वातंत्र्यावर जितकी म्हणून भाषणं होतात, त्यांत दुसऱ्या मिनिटाला हे वाक्य येतंच, जणू ते आल्याशिवाय माइकवाला माइक देत नाही. गंमत अशी, की मान डोलावताना प्रत्येक जण समोरच्या फ्लॅटकडे बघत असतो. आपल्याकडे गणपतीत ढोल वाजला तर ती परंपरा. वरच्यांच्या पोराने तबल्याचा रियाज केला तर तो स्वैराचार. मुलांचं सोडाच, वरच्या काकूंचा मिक्सरसुद्धा गेल्या वर्षी स्वैराचारात धरला गेला होता.

सगळ्यात मोठे स्वैराचारी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे दोन भाडेकरू. अविवाहित. त्यांना ठेवून घ्यायचं की नाही यावर कमिटीच्या तीन बैठका झाल्या. जागामालक भाड्यावर खूश होता, पण कमिटीचं म्हणणं, ‘संस्कारांचा प्रश्न आहे.’ शेवटी अटी घालून राहू दिलं. रात्री दहानंतर पाहुणा नको. पाहुणी तर दिवसाही नको. आणि सुका बोंबील भाजायचा नाही. ज्या शहरात कोळी आधी आले आणि बाकी सगळे मागून, त्या शहरात बोंबलाला परवानगी लागते, हे मला कुणी समजावून सांगेल तर बरं. त्यातल्या एका पोराची आई गावाहून आली, तर तिला गेटवर अर्धा तास बसवून ठेवलं. अॅपवर मंजुरी द्यायची ती पोरगा कामावर असल्याने दिली गेली नव्हती. माउलीच्या पिशवीत ओले नारळ होते. वॉचमनने रजिस्टरात लिहिलं: ‘व्यक्ती 1, नारळ 6.’

यावर उपविधींना मी एकदा विचारलं, की अहो, अशा अटी कायद्यात बसतात का? ते म्हणाले, बॅचलरला भाड्याने द्यायचं नाही असं कुठल्याच उपविधीत नाही. पण संस्था करून एकत्र येणं हेही घटनेने दिलेलं स्वातंत्र्यच आहे, एकोणिसावं कलम वाचा. मग त्यांनी अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेची गोष्ट सांगितली. तिथला नियम होता, सभासद फक्त पारशी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2005 मध्ये न्यायालयाने तो नियम ग्राह्य धरला. एकत्र यायचं स्वातंत्र्य घ्यायचं, आणि त्यातून बाहेर कुणाला ठेवायचं ते ठरवायचं. मला हे ऐकून क्षणभर गरगरलं. उपविधी मात्र शांतपणे सुपारी कातरत होते. त्यांच्या मते देशात स्वातंत्र्य भरपूर आहे, फक्त त्याची वाटणी अर्ज केलेल्या क्रमाने होते.

आता एक खरोखर आशेची गोष्ट. काही वर्षांपूर्वी पाचव्या मजल्यावरच्या एका तरुण सभासदाने गच्चीच्या प्रश्नावर रान उठवलं. घरोघरी सह्या घेतल्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर घोषणा दिल्या. ‘गच्ची कुणाच्या बापाची?’ असा सवाल भर सभेत केला, आणि त्यावर चेअरमन चक्क निरुत्तर झाले. पुढच्या निवडणुकीत तो पॅनेल करून उभा राहिला, निवडून आला, जॉइंट सेक्रेटरी झाला. आम्ही मुलांसाठी पतंग आणून ठेवले. महिनाभरात गच्चीला नवं कुलूप आलं. जुनं साधं होतं, हेअरपिननेही उघडायचं. हे नंबरचं आहे. मी जिन्यात गाठून विचारलं, तर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘काका, बाहेरून बोलणं सोपं असतं. वर लिफ्टची मशीनरूम आहे, टाक्या आहेत, सोलर पॅनेल आहे. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?’ हे बोलताना त्याच्या दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा वाजत होता. मला त्याचा राग नाही आला. त्याला गच्ची कधी नकोच होती, किल्ली हवी होती. आणि खरं सांगायचं तर, त्याच्या अर्जावर सह्या करणाऱ्यांपैकी निम्म्यांनाही तेच हवं होतं. त्यांना पॅनेल जमलं नाही इतकंच.

सेक्रेटरी जुनेच आहेत. पण तेही बदलले, म्हणजे इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आले. मनाच्या बंधनांतून मुक्त व्हायचं म्हणून दहा दिवस पहाटे चारच्या घंटेला उठले. फोन जमा, वही-पेन जमा, बोलणं बंद. मला वाटलं, ज्या माणसाला दुसऱ्याला नियम लावायची एवढी हौस, त्याला नियम पाळावे लागले तर काही तरी उजेड पडेल. पडला. परत आल्यावर पहिल्याच कमिटी बैठकीत ठराव आला: दुपारी 2 ते 4 इमारतीत शांतता. कुकरच्या शिट्ट्याही शक्यतो टाळाव्यात. साधनेचा यात काही दोष नाही, ती ज्याची त्याची. पण आमच्या सेक्रेटरींची मुक्ती आम्हाला दोन तासांनी महाग पडली.

चेअरमनसाहेबांच्या भाषणात दरवर्षी आगरकर येतात. स्टेशनबाहेरच आगरकर चौक आहे, त्यामुळे येतातच. ‘आगरकरांनी सांगितलं तसं आपण वागलं पाहिजे,’ एवढंच ते म्हणतात. काय सांगितलं ते सांगत नाहीत, आणि तेच बरं. कारण गोपाळ गणेश आगरकर नावाचा हा माणूस राज्य कुणाचंही असो, माणसाच्या डोक्यातलं राज्य आधी बदला म्हणत होता. इंग्रजांच्या तुरुंगात तो टिळकांबरोबर 1882 मध्ये गेला, डोंगरीला. सुटून आल्यावर त्याला कळलं की घरचा तुरुंग जास्त पक्का आहे. बालविवाह, केशवपन, सोवळं, यांवर लिहू लागला. त्यावरून टिळकांशी बिनसलं, केसरी सुटला, 1888 मध्ये त्याने सुधारक काढला. पुण्यातल्या स्वातंत्र्यप्रेमी लोकांनी मग काय करावं? त्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तिरडी बांधली, मिरवली, खांदे बदलले असतील. माणूस आपला घरात बसून पुढचा अग्रलेख लिहितोय. दुसऱ्याच्या विचारस्वातंत्र्याची एवढी साग्रसंगीत उत्तरक्रिया इंग्रजांनीसुद्धा केली नाही. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, हा वाद त्या काळात पेटला होता. आमच्या सोसायटीत त्याचा निकाल लागला आहे: आधी पार्किंग.

1895 मध्ये आगरकर गेले, चाळिशीही गाठली नव्हती. दम्याने पोखरलेला देह, फर्ग्युसनचं प्राचार्यपद, पगार बेताचा. त्यांना चौक मिळाला. त्या चौकात आज संपूर्ण स्वतंत्र असा एकच माणूस सापडतो, असं माझं बरेच दिवस मत होतं. तो म्हणजे रिक्षावाला.

बघा ना. आपण नाही म्हणू शकत नाही. साहेबाला नाही, मेहुण्याच्या साखरपुड्याला नाही, ‘फक्त दोन मिनिटं’ म्हणून गुंतवणुकीची योजना समजावणाऱ्या वर्गमित्राला नाही. रिक्षावाला म्हणतो. नाकारायची कायद्याने सोय नाही, तक्रारीचा नंबर रिक्षावरच लिहिलेला असतो, तरी म्हणतो. नुसती मान डावीकडून उजवीकडे एकदा हलवतो, तोंड उघडायचे कष्टही घेत नाही. कारण देत नाही, दिलगिरी तर नाहीच. मरोळ म्हणा, साकीनाका म्हणा, मोक्ष म्हणा, मान तशीच हलते. अशी निरिच्छ मान मी मठांतल्या साधूंचीही पाहिलेली नाही.

परवा भर दुपारी, चारला दहा कमी असतील, एकापाठोपाठ एक माना हलत होत्या. शेवटी एका रिक्षाचा दांडा धरून मी विचारलंच, ‘बाबा रे, येऊ नकोस, पण का येत नाहीस तेवढं सांग.’ त्याने माझ्याकडे पाहिलं. पन्नाशीचा माणूस, खाकी शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, डॅशबोर्डवर दत्ताचा फोटो आणि औषधाच्या गोळ्यांची पाकिटं. म्हणाला, ‘साहेब, चारला गाडी जोगेश्वरीला मालकाच्या दारात लागली पाहिजे. दुसऱ्या शिफ्टवाला उभा असतो. उशीर झाला तर तो मालकाला फोन लावतो, मग उद्या गाडी मिळत नाही.’ बोलता बोलता त्याचा फोन वाजलाच. ‘आलो, आलो,’ म्हणाला आणि गेला.

मागच्या, पुढच्या, समोरच्या सगळ्या रिक्षा त्याच घाईत होत्या.

मग मी शेअर रिक्षाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. मागे तिघं बसले. चौथा बसवायला कायद्याने मनाई आहे. चौथा मी होतो, ड्रायव्हरच्या शेजारी, अर्ध्या मांडीवर. नाक्यावर हवालदार दिसताच ड्रायव्हर म्हणाला, ‘काका, जरा आत सरका,’ आणि मी सरकलो.