लाइटबिल मामंजींच्या नावावर

"काय हो वहिनी, सकाळी सकाळी लाइटबिलांची चळत घेऊन बसलात? थकलंय की काय?"

"थकतंय कशाला, काकू! सुनेचं नाव इथल्या मतदार यादीत घालायचंय. पत्त्याला लाइटबिल चालतं म्हणे, पण आमचं बिल अजून मामंजींच्या नावावर येतंय. ते जाऊन इतकी वर्षं झाली, पण ह्यांना अर्ज करायला मुहूर्त मिळेल तर ना! आणि हिच्या आधारवर, पासबुकावर सगळीकडे इचलकरंजीच."

"मग नवऱ्याचं जोडा की. त्याचं नाव याच पत्त्यावर यादीत आहे ना? झालं तर. आई-वडील, नवरा, सज्ञान मुलगा-मुलगी, कुणाचंही चालतं. आजेसासरे सोडा, सासरेसुद्धा त्यात बसत नाहीत. आणि हा सहा नंबरचा फॉर्म कुणी दिला? माहेरी नाव आहे तिचं, आठ नंबर भरा. २०२२ पासून घर बदललेल्यांना आठच. सहा नवख्यांना."

"तुम्हाला बरं सगळं पाठ!"

"धाकटी जाऊ अंगणवाडीत ना, मतदार यादीसाठी घरोघर फिरायचं बीएलओचं काम तिच्याच गळ्यात. जेवताना दुसरा विषय नसतो."

"मग तिला माडीवरच्या त्या दोन पोरांचं विचारा. भाडेकरार नोंदवलेला हवा, आणि घरमालक अण्णा म्हणतात नोंदणी नको. यादीत नाव लागलं की पोरं घर बळकावतील!"

"यादीनं घर बळकावता आलं असतं तर मी आमदारांच्या बंगल्यात नाव घातलं असतं. कायदा तर उलटंच सांगतो. १९५० चा आहे. नुसतं घर मालकीचं म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही."

"अगबाई! मग अण्णांचं काय? राहतात पुण्याला मुलीकडे, इथं येतात गणपतीला. नाव इथंही नि तिथंही."

"हळू बोला. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. फॉर्मवर खोटं लिहून दिलं तर वर्षापर्यंत कैद आहे."

"आणि पोरांकडे कागदच नसला तर?"

"बीएलओनं येऊन खात्री करायची. उड्डाणपुलाखाली फुगेवाला राहतो ना, त्याच्याकडे कुठला कागद? जाऊ रात्री जाऊन बघून आली, खरंच तिथं झोपतो का. एका रात्रीत भागत नाही, पुन्हा जावं लागतं. भावजी स्कूटरवर घेऊन गेले, वाटभर कुरकुरत."

"मग पोरांना सांगते, ऑनलाइन भरून टाका. पण काकू, अण्णांच्या कानावर जाऊ देऊ नका हं."

"मी कशाला सांगू? काल त्यांच्या मालकीणबाईंचा तासभर फोन होता, तेव्हाही पोरांच्या अर्जाचं मी अवाक्षर काढलं नाही."

"काल? म्हणजे पोरांनी अर्ज भरलासुद्धा?"