तोफेच्या टप्प्यातली बातमी

भारत-पाकिस्तान संघर्ष पेटलेला असताना, ८ मे २०२५च्या रात्री आपल्या कित्येक वृत्तवाहिन्यांनी पाकिस्तानातलं कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं ठासून सांगितलं. ती बातमी साफ खोटी होती. स्टुडिओत हवाई हल्ल्याचे भोंगे तर इतके वाजले, की शेवटी नागरी संरक्षण विभागाला वाहिन्यांना सांगावं लागलं: हा आवाज कार्यक्रमात वापरू नका. खरा भोंगा वाजेल तेव्हा लोक जागचे हलणार नाहीत, ही भीती होती.

त्याच्या आदल्याच दिवशी नियंत्रण रेषेजवळच्या पूँछमध्ये पाकिस्तानी तोफगोळ्यांनी डझनभर नागरिकांचे बळी घेतले. त्यात बारा वर्षांची जुळी भावंडं होती. मदरशातले एक शिक्षकही होते. काही वाहिन्यांनी त्या शिक्षकांनाच दहशतवादी ठरवलं. घरात मयत झालेली असताना नातेवाइकांना ‘आमचा माणूस अतिरेकी नव्हता’ हे जगाला सांगावं लागलं, पोलिसांना जाहीर खुलासा करावा लागला. पूँछमधल्या कुठल्याही वार्ताहराला एक फोन केला असता तरी हे टळलं असतं. तो मेलेल्यांना ओळखतो. चुकीचं छापलं तर उद्या त्याच गल्लीतून त्याला जायचं असतं.

शांतता ही बातमी असते, हेही तिथल्या वार्ताहरालाच कळतं. २०२०मध्ये नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी पाच हजारांहून अधिक वेळा मोडली गेली. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी दोन्ही लष्करांनी ती पाळण्याचं संयुक्त निवेदन काढलं आणि पुढची चार वर्षं तोफा बहुतांशी गप्प राहिल्या. लोक निर्धास्तपणे शेतात जाऊ लागले. त्या चार वर्षांवर रात्री नऊच्या किती चर्चा तुम्ही पाहिल्यात?

शांततेबद्दल लिहिणं सोपं काम नाही. काश्मीरमधले संपादक शुजात बुखारी भारत-पाकिस्तानात बोलणी व्हावीत म्हणून लिहीत राहिले, दोन्हीकडच्या लोकांना भेटत राहिले. १४ जून २०१८ रोजी, ईदच्या तोंडावर, श्रीनगरच्या प्रेस एन्क्लेव्हमध्ये कार्यालयातून बाहेर पडताच त्यांना गोळ्या घातल्या. दोन अंगरक्षकही गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचं दैनिक ‘रायझिंग काश्मीर’ निघालंच. पहिलं पान काळं होतं, त्यावर संपादकाचा फोटो.

पुढच्या वेळी पडद्यावर युद्ध सुरू झालं, की बोलणारा कुठे उभा आहे ते आधी बघा. तो तोफेच्या टप्प्याबाहेर बसून युद्ध मागत असेल, तर टीव्ही बंद करा.