मोजून बघणारे काका

पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत एक तरी काका असे असतात, ज्यांच्यासमोर ‘अंदाजे’ म्हणायची सोय नसते. उभी हयात पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यात, क्वालिटी विभागात गेलेली असते. निवृत्तीनंतर कारखाना सुटतो, विभाग मात्र घरी येतो. मग वजनकाटा, गीझर आणि काकूंचं रक्तदाबाचं यंत्र या सगळ्यांवर पट्ट्या चिकटतात : ‘तपासले’, ‘पुढील तपासणी’. काकू म्हणतात, “मी दुपारी जरा आडवी झाले की भीती वाटते. उठेन तेव्हा कपाळावर पट्टी असायची.”

अशा काकांच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला. चारचौघं अशा वेळी कपाळाला हात लावतात; काकांचे गुडघे दुखायचे थांबले. स्टिअरिंगखाली त्यांचं ब्लूटूथ यंत्र खोचलेलंच असतं. मोबाइलवर कोड आला पी-0118, आणि कूलंटचं तापमान उणे 40. ऐन मे महिन्यात, पार्किंगमध्ये, पंखा पूर्ण वेगाने भणभणतोय.

“सेल्सियस की फॅरनहाइट?” मी उगाच विचारलं.

“उणे 40 ला दोन्ही एकच,” काका प्रसन्न झाले. मग तिथेच उभ्या उभ्या तास झाला. कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे बोल्टाच्या पोटात बसवलेला थर्मिस्टर. तापला की त्याचा रोध उतरतो, गार झाला की चढतो. वायर तुटली किंवा पिन सुटली, तर संगणकाला रोध अफाट दिसतो आणि त्याची समजूत होते की गाडी सायबेरियात उभी आहे. मग पेट्रोल जास्त सोडायचं, आणि तापमानाचा भरवसा नाही म्हणून वर पंखाही फिरवायचा.

गॅरेजवाला पोरगा सरळ होता. “काका, नवीन सेन्सर टाकतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. विषय संपला.”

“जुना मोजलास?”

“त्यात काय मोजायचं?”

पोरगा तिथेच नापास झाला. (खरं सांगायचं तर सेन्सर काही शे रुपयांचा. काकांनी त्याच्यासाठी मागवलेला थर्मामीटर त्याहून महाग. पण हे त्यांना सांगायला सोसायटीत अजून कोणी जन्मायचंय.)

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पार गार असताना, सेन्सर निघाला आणि स्वयंपाकघरात पोचला. काकूंचं दुधाचं पातेलं गॅसवर चढलं. काठावर आडवं लाटणं, त्याला सुतळीने टांगलेला सेन्सर. टोक पाण्यात, पिना पाण्याबाहेर, पातेल्याच्या बुडाला लागता कामा नये. शेजारी थर्मामीटर. मल्टिमीटर काकांच्या हातात, वही माझ्या, आणि तापमान ओरडून सांगायची ड्यूटी काकूंकडे.

“अठ्ठ्याण्णव! खळखळतंय, पण पुढे जात नाही हो.”

“जाणारच नाही! पुणं समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर आहे. इथे पाणी 98 लाच उकळतं. म्हणजे थर्मामीटर खरा बोलतोय!”

गॅस बंद झाला. रीडिंग पाणी निवताना घ्यायचं. तापताना सेन्सर मागे रेंगाळतो, असा नियम निघाला. 80 अंशांना 320 ओहम; सेन्सरच्या कोष्टकातही तेवढेच. काकांनी चष्मा काढून पुसला. एकीकडे कुकर लावायचा राहिला होता, पण विज्ञान पाच-पाच अंशांनी उतरत होतं आणि काकूंचा आवाज पाच-पाच अंशांनी चढत होता. 35 वर पाणी अडलं. कोष्टकात तर 20 अंशांना 2500 ओहम लिहिलेले. वैशाखात 20 अंश आणायचे कुठून? मला शेजारपाजारच्या फ्रिजांतून बर्फाचे ट्रे गोळा करायला पिटाळलं. 20 अंशांना 2480 आले.

“निर्दोष!” काकांनी निकाल दिला.

“पण हे पातेलं मी दुधाला वापरायची नाही,” काकू म्हणाल्या. “कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं, गोड लागतं, विष आहे, हे तुम्हीच मला परवा तासभर सांगितलंत.” काकांना स्वतःचंच व्याख्यान खोडता येईना.

सेन्सर परत बसवला, प्लग खोचला, कोड पुसला. दिवा गेला तो गेलाच. गॅरेजवाल्याने नंतर मला हळूच सांगितलं, “प्लगच्या पिनेवर हिरवी बुरशी चढली असणार. काढ-घाल केली की जमतं.” हे मी काकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, “असेल. पण त्याने मोजलं होतं का?” आणि आलेखाच्या कागदावरची ती सुबक उतरती रेघ मला पुन्हा एकदा दाखवली.

सध्या त्यांचा डोळा थर्मोस्टॅटवर आहे. 82 अंशांना उघडतो असं त्याच्यावर छापलंय, पण छापलेलं काय, कोणीही छापतं. तोही उकळत्या पाण्यात टांगूनच तपासायचा असतो. काकूंनी गॅसचं रेग्युलेटर काढून कपाटात ठेवलंय आणि किल्ली माझ्याकडे दिलीय.