पापुद्र्याचे मानकरी

"आमच्यात खालची बाजू चालत नाही."

हे वाक्य पहिल्यांदा कानावर पडलं, तेव्हा मला तो एखाद्या घराण्याचा कुळाचार वाटला. धाराशिव जिल्ह्यात 'आमच्यात' या शब्दाला वजन आहे. आमच्यात नवरात्रात गादीवर झोपत नाहीत. आमच्यात चातुर्मासात कांदा बंद. आमच्यात येळवशीला उंडे बाजरीचेच लागतात. त्यात ही खालची बाजू कुठून आली? मग उलगडा झाला. इथे 'आमच्यात' म्हणजे राज्या, राज्या म्हणजे कुत्रा, आणि खालची बाजू भाकरीची. ज्वारीची भाकरी निखाऱ्यावर टम्म फुगली की वरचा पापुद्रा अलगद सोडवायचा, त्याला तुपाचं बोट लावायचं आणि गार करून राज्यापुढं ठेवायचा. उरलेला जाड भाग आबा आमटीत कुस्करून खातात. कुत्र्याचं उरलेलं मालक खातो, ही गोष्ट त्या घरात कुणाला खटकत नाही. राज्याला तर नाहीच नाही.

आबा हे कुण्या एका माणसाचं नाव समजू नका, तो हुद्दा आहे. असे आबा कळंबला आहेत, परंड्याला आहेत, लोहाऱ्याला आहेत. कुठं त्यांना अण्णा म्हणतात, कुठं गुरुजी. मी ज्यांच्याबद्दल लिहितोय ते भूम तालुक्यातले, बालाघाटाच्या माथ्यावरच्या एका गावातले, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पण खुणा सगळ्यांच्या सारख्याच. वय पासष्टच्या पुढं, खिशात बिस्किटाचा पुडा, आणि कुठल्याही विषयावर बोलणं सुरू करा, तिसऱ्या वाक्याला ते 'आमचा राज्या' किंवा 'आमची रुपी' इथं येऊन थांबणार. पावसाचं बोला, सोयाबीनच्या भावाचं बोला, स्टॉप तोच.

हे सगळे आबा 1972च्या दुष्काळात पोरसवदा होते. लाल मिलोची भाकरी आणि सुकडी यांच्यावर त्यांची हाडं वाढली. ताटात पडेल ते खायचं. नाक मुरडलं तर आधी पाठीत धपाटा, मग ताटात धपाटं, तेही उरलं असेल तर. पुढं स्वतःच्या पोरांनाही त्यांनी याच रीतीनं वाढवलं. "दोडका नको" म्हणणाऱ्या पोराला सलग तीन दिवस दोडका घातल्याची गोष्ट आबा अजून अभिमानानं सांगतात. आणि तीच गोष्ट सांगता सांगता राज्याच्या भाकरीचा पापुद्रा सोडवत असतात.

'खात नाही' या दोन शब्दांचा भाव गेल्या पन्नास वर्षांत आमच्या भागात फार वाढलाय. पूर्वी एखाद्या घरात कुणी 'खात नाही' म्हटलं की तो आजारी तरी असायचा, नाहीतर रुसलेला जावई. आता 'खात नाही' ही प्रतिष्ठेची बाब झाली आहे. सकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात आबा लोकांची बैठक बसते, तिथं एकदा कान देऊन बघा.

"आमचं कुत्रं शिळ्याला तोंडच लावत नाही बगा."

"शिळ्याचं सोडा हो. आमचं निस्तं बिस्कीट खायना गेलंय. च्यात बुडवून लागतंय."

"च्यात तर आमचंबी खातंय. पण बिनसाखरेचा च्या असला की वास घेऊन निघून जातंय."

यावर आमचे आबा शांतपणे बशी खाली ठेवतात. "आमच्या राज्याला बशीत लागत नाही. कपातनं लागतोय. आन् कानाचा कप पाह्यजे." मग बैठकीत थोडा वेळ कुणी बोलत नाही. हॉटेलवाला तेवढा आपल्या कपांकडं बघत राहतो.

जनावरांच्या डॉक्टरांनी आबांना एकदा बजावलं, की कुत्र्याला कांदा घालू नका, मनुके, द्राक्षं, चॉकलेट तर मुळीच नको, ते विषासारखं बाधतं. आबांनी घरी येऊन जाहीर केलं, "राज्याला आजपास्नं बारमाही चातुर्मास." तेव्हापासून घरात भाजीला कांदा दोनदा विचारून पडतो.

पण आबांचा खरा जीव रुपीत. रुपी उस्मानाबादी शेळी. काळीभोर, लांब कानांची, दर वेताला जुळी देणारी. जिल्ह्याचं नाव 2023 साली अधिकृतपणे धाराशिव झालं, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, शेळी मात्र जातीनं अजून उस्मानाबादीच. तिनं काही अर्ज केल्याचं ऐकिवात नाही.

शेळी काहीही खाते, हा समज शेळी न पाळणाऱ्यांनी पसरवलेला आहे. ज्यानं पाळली त्याला विचारा. तुडवलेला चारा ती खात नाही. लेंडी पडलेल्या चाऱ्याकडं बघतसुद्धा नाही. म्हणून तर पाल्याची पेंढी तिच्या तोंडाच्या उंचीवर टांगावी लागते. पाणी कालचं असलं की बादलीत नाक घालते आणि मालकाकडं असं बघते, की मालकाला आपण कमी पडलो असं वाटावं. तिचा वरचा ओठ बोटासारखा चालतो. बाभळीच्या काट्यांतून नेमकं कोवळं पान तेवढं उचलणार, त्यासाठी मागच्या दोन पायांवर उभी राहणार. लिंबाचा कडू पाला मिटक्या मारत खाईल, पण सुग्रासचं पोतं बदललं की दोन दिवस उपास. बाभळीच्या शेंगा वाळलेल्या हव्यात, शेवरी ओली हवी, हरभऱ्याची गुळी हवी तर चाळलेली हवी. आबा हे सगळं पाठ म्हणतात. कंडक्टर असताना कळंब ते बार्शी थांबे म्हणायचे, तसं.

कागद खाते म्हणून तिची बदनामी आहे. आबांचं म्हणणं, ती खात नाही, ओठानं तपासते. एकदा सातबारा तपासता तपासता निम्मा गेला. आबांना त्याचं दुःख नव्हतं, कौतुक होतं. "अख्खा पोटखराबा पोटात गेला, पण पोट खराब झालं नाही," असं ते आल्यागेल्याला महिनाभर सांगत होते.

तिची सगळ्यात मोठी कामगिरी मात्र येळवशीची. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडची गावंच्या गावं शेतात जातात. कडब्याची कोप उभी करायची, आत पाच पांडवांचे दगड मांडायचे, पूजा करायची, शेताला फेरी मारून आंबील शिंपडायची, आणि मग भज्जी, खिचडा, उंडे, गव्हाची खीर असं जेवायचं, की परत उठायला दोघांचा हात लागावा. इथली भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे, हे बाहेरच्यांना दर वर्षी समजावून सांगावं लागतं. वाटाणा, तूर, हरभरा, वालाच्या शेंगा, हाती लागेल ती पालेभाजी, सगळं बेसनाच्या पिठात एकत्र शिजलेलं ते दाट प्रकरण. तर एका वर्षी घरची माणसं आंबील शिंपडत शेताला फेरी घालत होती, आणि रुपी कोपीच्या मागच्या अंगाला उभी होती. शाळूचा कडबा, वरची पानं अजून मऊ. फेरी संपवून सगळे परत आले, तर मागची भिंत नव्हती आणि पाची पांडव उघड्यावर होते. आबांच्या थोरल्या भावानं कपाळाला हात लावला. आबा म्हणाले, "त्यांना वनवासाची सवय हाय. कडबा कसला निवडलाय बगा तिनं. खालची धाटं सोडली सगळी."

उमरग्याकडचे एक आबा आहेत, त्यांचा पोपट हिरव्या मिरचीशिवाय दिवस सुरू करत नाही. पोपट पाळणं कायद्यानं गुन्हा आहे, हे त्यांना माहीत आहे. म्हणून ते म्हणतात, "पाळलेला नाही, तो येतो." पिंजरा नाही हे खरं, पण मिरचीची वाटी रोज सकाळी साडेसहाला पत्र्यावर असते. पोपट तिखट खातो याचं त्यांना भारी कौतुक, आमच्या मराठवाड्याचं पाणीच तसं म्हणतात. खरं तर पाखरांना मिरची लागतच नाही. ज्या द्रव्यानं आपली जीभ पेटते, त्याची जाणीव त्यांना होत नाही. मिरचीला तेच हवं असतं, कारण पाखरं बी न चावता लांब नेऊन टाकतात. हे मी त्या आबांना सांगितलं. ते दुखावले. पुन्हा मला चहा विचारला नाही.

आमच्या आबांचा मुलगा पुण्यात असतो. त्याच्याकडं लॅब्रॅडॉर आहे, आणि त्याला धान्यविरहित खाणं लागतं. महिन्याचा पिशवीचा खर्च ऐकून आबांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला, जणू आकडा तिकडून कमी ऐकू येईल. "कुत्र्याला धान्य चालत नाही म्हणं! मग आमचा राज्या काय पंचांग खाऊन वाढला का?" त्यात आबांचं फार चुकलेलं नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 साली 'नेचर'मध्ये मांडलं, की माणसाजवळ राहून कुत्रा पिष्टमय अन्न पचवायला शिकला. पिठाचं पाचन करणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत सापडल्या. म्हणजे लांडग्याचा कुत्रा झाला तो भाकरीच्या वासानं, असं म्हणायला हरकत नाही. पापुद्रा आणि खालची बाजू यांत जनुकं काही फरक करतात का, यावर तिथं कुणी लिहिलेलं दिसलं नाही. ते काम आबांनी केलं.

हे संशोधन घरात आणलं आबांच्या नातीनं. बारावीत शिकते, येळवशीला आली होती. आजोबांची बाजू बरोबर निघाल्यामुळं त्या संध्याकाळी तिचा भाव वधारला होता. आबांनी तिला मोठेपणानं सांगितलं, "आता मनीचंबी बघ काही लिवलंय का."

मनी म्हणजे मांजर. तिच्याबद्दल मी आतापर्यंत बोललो नाही, कारण तिचं प्रकरण साधं होतं. मनीला पेढा लागतो. बस्स. आमचा भाग खव्याचा. म्हशीचं चार-पाच लिटर दूध आटवावं तेव्हा किलोभर खवा पडतो, आणि भट्टी पेटली की गावभर तो वास सुटतो. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गावात कुणी उड्या मारल्या नाहीत, चांगला आहे हे आधीच माहीत होतं. अशा गावातल्या मांजरीला पेढा लागला तर नवल ते काय? दर आठवड्याच्या बाजाराला आबा पाव किलो पेढे आणत. पुडा माईंच्या, म्हणजे बायकोच्या, हातात देत. "मनीचं हाय," म्हणत. माई तो वरच्या फळीवर, पिठाच्या डब्याच्या मागं ठेवत. चार-पाच दिवसांत पुडा संपे. आबा हॉटेलात सांगत, "आमच्या मनीला बर्फी चालत नाही. पेढाच. तोबी जरा करपट भाजलेला."

माईंबद्दल सांगायचं तर त्यांना सगळं चालायचं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. सगळ्यांची जेवणं झाल्यावर त्या बसत, आणि पातेल्यात जे असेल ते त्यांना आवडत असे. निदान घरात तसा समज होता.

नात दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत फोन घेऊन बसली होती. "आबा, मांजरीला गोड लागतच नाही."

"खुळी का काय. आपली मनी..."

"नाही हो, खरंच. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका संस्थेनं 2005 साली शोधलंय. गोड ओळखायला जिभेवर जे लागतं, त्यातलं एक जनुकच मांजरीत बिघडलेलं असतं. वाघातपण, चित्त्यातपण. साखर आणि माती त्यांना सारखीच."

राज्या पापुद्रा खात होता, तेवढा आवाज येत होता. मनी उन्हात पडली होती, तिनं एक कान हलवला. आबांनी मनीकडं बघितलं, मग वरच्या फळीकडं, मग पिठाच्या डब्याकडं. शेवटी माईंकडं. माई गव्हातले खडे वेचत होत्या. सुपावरून त्यांनी मान वर केली नाही.

"असंल," त्या म्हणाल्या. "अमेरिकेच्या मांजरांचं असंल तसं."

नात हसायला लागली. मला वाटलं आता आबा चिडणार, हिशेब मागणार. तिकिटाच्या पेटीत चार आणे कमी पडले तरी रात्रभर झोपत नसत ते. पण ते काहीच बोलले नाहीत. सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला आणि रुपीचा पाला बघायला गेले.

मी मदतीला धावलो. म्हटलं, खव्यात साखरेपेक्षा स्निग्धांश महत्त्वाचा, मांजरीला त्याची ओढ असते, त्यामुळं मनी थोडाफार चाटतही असेल. माईंनी माझ्याकडं बघून मान डोलावली. "त्येच की. वरचं तूप तेवढं चाटती. बाकीचं टाकून कसं द्यायचं?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी तिथंच होतो. आबा आले, पिशवी ओसरीत ठेवली. मेथी, वांगी, राज्याचा बिस्किटाचा पुडा. सगळ्यात खाली कागदाचा पुडा होता. नेहमीपेक्षा जड वाटला, अर्धा किलो असावा. तो त्यांनी नेहमीसारखा माईंच्या हातात दिला.

"मनीचं हाय," ते म्हणाले. चपला काढल्या, पाय धुतले, आणि टॉवेलला हात पुसत पुसत, मनीकडं न बघता, म्हणाले, "आन् तिला सांग, दिवसाला दोनच खा म्हणावं. शुगर वाढलीय तिची."