शिवणकामावर आजन्म प्रेम करण्याची शास्त्रोक्त पद्धत

ज्या इच्छुकाला शिवणकामावर जन्मभर प्रेम करायचं आहे, त्यानं सर्वप्रथम दुसऱ्याच्या दुकानात कारागीर म्हणून लागावं. स्वतःचं दुकान टाकलं की भाडं, वीजबिल आणि उधारीतच जीव जातो. प्रेमाला सवड उरत नाही.

ठिकाण म्हणून बुलढाणा जिल्हा उत्तम. खामगावची कापसाची पेठ एकेकाळी वऱ्हाडात गाजलेली. तिच्यासाठी १८७० साली जलंब ते खामगाव असा तेराएक किलोमीटरचा रेल्वेफाटा टाकला गेला. गाठी मुंबईला गेल्या, तिथून विलायतेला, आणि कापड होऊन परत आल्या. उमेदवारानं याचं वाईट वाटून घेऊ नये. कापड कुठूनही येवो, सदरा काखेत दाटला की तो सैल करायला गावातलाच माणूस लागतो.

पहिल्या दिवसापासून मशीनवर बसायला मिळेल या भ्रमात राहू नये. आधी चहा आणणं, मग काज-बटण, हुक, हातशिलाई. आणि उसवणं. उसवण्याला कमी लेखणारे पुढं जात नाहीत. जुन्या शर्टाची कॉलर ब्लेडनं उलगडली, की बक्रम कुठं बसवलंय, कोणती टीप आधी पडली, कारागिरानं कुठं घाई केली, हे सगळं दिसतं. दुसऱ्याची लबाडी एवढ्या जवळून बघायची सोय इतर धंद्यांत क्वचितच असते. माया किती सोडली यावरून तर आधीच्या शिंप्याचा स्वभावच कळतो: अर्धा इंच सोडणाऱ्याला गिऱ्हाईक जाड होणार हे ठाऊक होतं.

मग पायमशीन. हातसुईचं नेढं मागच्या टोकाला, मशीनच्या सुईचं पुढच्या टोकाजवळ. सगळी गंमत त्यात आहे. सुई कापडाखाली जाऊन दोऱ्याचा फास करते, शटल तो पकडून बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवतं आणि दोन्ही दोरे कापडाच्या मधोमध गुंततात. वरचं टेन्शन जास्त झालं तर खालचा दोरा वर डोकावतो. अशा वेळी मशीनला शिव्या न देता स्क्रू किंचित सैल करावा. शिव्या नंतर द्याव्यात.

प्रेमाचा विषय निघालाच आहे, तर एक दाखला. यंत्रांच्या विरोधात बोलणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली शिवणयंत्राला मात्र सूट दिली. बायकोचे कष्ट न बघवून सिंगरनं ते मायेपोटी घडवलं, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात आयझॅक सिंगरनं १८५१ साली पेटंट घेतलं, त्याआधी १८४६ मध्येच एलायस हाव यानं ते घेतलेलं होतं, आणि हावनं कोर्टात जाऊन सिंगरकडून पैसे वसूल केले. सिंगरला वेगवेगळ्या बायकांपासून वीसहून जास्त मुलं झाली. माया होती, नाही कशाला म्हणावं?

आता तारखेचं शास्त्र. याच जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचं, पिकांचं भाकीत सांगतात. ब्लाऊज कधी मिळणार, हे मात्र तिथंही सांगत नाहीत. ते कारागिरानंच सांगायचं, तेही ऐन लग्नसराईत. ताईंनी विचारलं, तर नजर मशीनवरून न उचलता म्हणावं, “बटनं लावाचे राह्यले फक्त, ताई. उद्या या.” कापड अजून मापाच्या वहीसकट गाठोड्यात असलं तरी आवाज तोच ठेवावा.

पीसवर काम असेल तर प्रेमाचा हिशेब शनिवारी होतो. रेडिमेडवाल्यांवर राग धरू नये. त्यांच्या पँटी लांब येतात म्हणूनच आखूड करायचं काम येतं.

सरतेशेवटी सरकारी मान्यता. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा धंद्यांत शिंपीही आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणाला दिवसाला ५०० रुपये भत्ता. अडचण एकच: योजना स्वयंरोजगारवाल्यांसाठी. पीसवर काम करणारा नोकर की धंदेवाला, हे आधी मालकाशी ठरवून घ्यावं. मालक सोयीचं तेच सांगेल. नाव लागलंच, तर चाळीस वर्षं पायडल मारलेल्यानंही पाच-सात दिवसांच्या प्राथमिक वर्गाला मुकाट बसावं, भत्ता घ्यावा आणि सरांची पाठ वळली की त्यांच्या शर्टाची खांद्यावरची टीप सरळ आहे का, ते बघून घ्यावं.