फुरसतीची चकती
दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला नेली; मागे राहिलेल्या मराठी घरांत नंतर आलेलं पुरणयंत्र मात्र जागचं हललं नाही. आता त्याच्या शेजारी फूड प्रोसेसर येऊन बसला आहे, वेळ वाचवण्याचं वचन घेऊन. वचन तपासून पाहावं. पुरणयंत्राची जाळी कच्चा राहिलेला डाळीचा दाणा अडवते. प्रोसेसरचं पातं त्याला भरडून थेट पुरणात पाठवतं, आणि लाटताना पोळी फुटली की दोष सुनेचा. बाफल्यांची घट्ट कणीक तरी मळेल म्हणावं, तर मोटर तापते. कोशिंबिरीची दोन गाजरं किसली जातात हे खरं. त्यानंतर वाडगं, झाकण, चकती, दांडा आणि ढकलणी धुवायची. ती कोण धुणार, हे माहितीपत्रकात नसतं.

रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकी इतिहासकार बाईंनी 1983 मध्येच दाखवलं होतं, की घरगुती यंत्रांनी पुरुषांची आणि मुलांची कामं संपवली, बाईची नव्हे. उलट तिच्याकडून अपेक्षा वाढल्या. किसणी होती तेव्हा एक कोशिंबीर चालायची, आता ‘मशीन आहे ना’ म्हणून तीन लागतात. संधिवाताने बोटं आखडलेल्या आजींना यंत्र हवंच, हा आक्षेप बिनतोड आहे. पण त्याच घरात धडधाकट हातही असतात. ते वॉरंटी कार्ड सांभाळतात.